थांबवण्याची विद्या : प्रस्तावना

पवनचक्की उभी करायला काही आठवडे पुरतात, सांभाळावी मात्र वीस-पंचवीस वर्षे लागते. घाटातून वळणे घेत जाणारा लांबलचक ट्रेलर, त्यावर आडवे ठेवलेले एकच पाते, पठारावर उभी राहिलेली क्रेन हे सगळे गाव जमून पाहते, त्याचे फोटोही निघतात. पुढच्या वर्षांत दर काही महिन्यांनी मनोऱ्याच्या आतली शिडी चढून बोल्ट तपासणारी, बेअरिंगला ग्रीस भरणारी, गिअरबॉक्समधल्या तेलाचा नमुना बाटलीत घेऊन उतरणारी माणसे मात्र फारशी कुणाच्या नजरेत भरत नाहीत. त्या माणसांतही सर्वांत नवखा असतो तो शिकाऊ उमेदवार. आयटीआयचे प्रमाणपत्र हातात पडून त्याला काही महिनेच झालेले असतात, घर दोनशे-तीनशे किलोमीटर मागे राहिलेले असते आणि ज्या यंत्रावर शिकायचे ते वीस-पंचवीस मजली इमारतीच्या उंचीवर बसवलेले असते. हे पुस्तक त्याचे आहे आणि त्यानेच लिहिले आहे.

भिवंडी, शहापूर आणि वाडा या तालुक्यांतून साक्रीच्या आणि साताऱ्याच्या पठारांवर शिकायला गेलेल्या मुलांच्या रोजनिश्या, घरी पाठवलेले निरोप आणि सुट्टीत आल्यावर सांगितलेले, मग कागदावर उतरलेले अनुभव या संग्रहात आहेत. त्यांतल्या काहींना मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून वीजतंत्री हा व्यवसाय शिकवला आहे. या क्षेत्राची ओळख नसलेल्या वाचकाला आधी त्याचा नकाशा द्यावा, अशी संपादकांची अपेक्षा आहे. तो नकाशा पुढे देतोच. पण ही सगळी पाने वाचताना माझ्या मनात जी गोष्ट पक्की झाली ती आधी सांगतो. या कामाची मुख्य विद्या थांबवण्याची आहे. यंत्र केव्हा थांबवायचे, कसे थांबवायचे, थांबवलेले यंत्र आपण खाली उतरेपर्यंत पुन्हा फिरणार नाही याची खात्री कशी करायची आणि स्वतः शिडीच्या पायथ्याशी केव्हा थांबायचे, हे ज्याला उमगले तो तंत्रज्ञ झाला. बाकीचे सगळे सरावाने येते.

पवनचक्क्यांवरचे पुस्तक भिवंडीतून का निघावे, असे कुणी विचारील. या गावाच्या आसपास पवनचक्क्यांचे पठार नाही. इथे यंत्रमाग आहेत आणि आता महामार्गालगत पसरलेली गोदामे आहेत. पण यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचे मोल भिवंडीला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. माग अडला की हाक जाते ती जॉबरला. धोट्याचा आवाज किंचित बदलला तरी बिघाड कुठे आहे हे तो लांबून ओळखतो. ही विद्या त्याला कुणा शाळेने दिलेली नसते. पोरवयात एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून देता देता त्याने ती नजरेने आणि कानाने घेतलेली असते. तिला दाखला नाही, तिचे पुस्तक नाही, आणि जॉबर म्हातारा झाला की ती त्याच्याबरोबरच संपते. त्याच गावातली मुले आता दुसऱ्या एका फिरत्या यंत्राची विद्या शिकायला बाहेर पडली आहेत. निदान ती तरी लिहून राहावी, ही या पुस्तकामागची पहिली प्रेरणा.

दुसरे कारण विजेचे. माग विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली म्हणजे काय होते हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. वीजवितरणाचे काम फ्रँचायझीकडे सोपवण्याचा देशातला पहिला प्रयोग २००७ मध्ये भिवंडीतच झाला. आणि भारतातल्या पवनऊर्जेचा धागाही कापडधंद्यातूनच निघतो. तुलसी तांती सुरतेत कापडाच्या धंद्यात होते. महाग आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळून त्यांनी आपल्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्या अनुभवातून १९९५ मध्ये सुझलॉन ही कंपनी काढली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. भिवंडीवरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक, मालेगाव करत धुळ्याला पोहोचतो आणि तिथून सुरतेच्या वाटेला लागले की साक्री येते. आमची मुले याच रस्त्याने गेली.

आता यंत्राकडे वळू. मनोऱ्याच्या माथ्यावर बसवलेल्या पेटीला नॅसेल म्हणतात. तिच्या तोंडाशी हब आणि हबला तीन पाती. गिअरबॉक्स असलेल्या मोठ्या यंत्रात पाती मिनिटाला साधारण पंधरा-वीस फेरे घेतात. गिअरबॉक्स तो वेग वाढवून जनरेटरला मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास नेतो. वारा जिकडून येईल तिकडे नॅसेलला वळवणारी यंत्रणा म्हणजे यॉ. पात्याला त्याच्याच अक्षावर फिरवून वाऱ्याचा जोर घेणारी किंवा सोडणारी यंत्रणा म्हणजे पिच. सेकंदाला तीन-चार मीटर वेगाचा वारा मिळाला की यंत्र वीज देऊ लागते, आणि वारा पंचवीस मीटरच्या आसपास गेला की बहुतेक यंत्रे आपणहून थांबतात. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. पवनऊर्जेचा सगळा नफा आणि सगळा धोका या एका नियमात आहे.

म्हणूनच या यंत्राचा इतिहास वाऱ्याला पकडण्याइतकाच त्याला आवरण्याचाही आहे. १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी पवनचक्कीवर बॅटऱ्या भरून घरात दिवे लावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी १४४ लाकडी पात्यांचे, १२ किलोवॅटचे चाक उभारले, ते सुमारे वीस वर्षे चालले. पण आमच्या दृष्टीने या इतिहासातला महत्त्वाचा माणूस डेन्मार्कचा पोल ला कूर. आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत शिकवणाऱ्या या शिक्षकाने १८९१ मध्ये प्रायोगिक पवनचक्की उभी केली आणि १९०४ पासून ग्रामीण भागातल्या तरुणांसाठी वीजतंत्रज्ञांचे वर्ग सुरू केले. यंत्र गावात पोहोचण्याआधी ते सांभाळणारा गावातच तयार झाला पाहिजे, हे त्या शिक्षकाने ओळखले होते. त्या पहिल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा मुलगा होता. त्याच यूलने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची, तीन पात्यांची पवनचक्की उभारली. वेग हाताबाहेर गेला की पात्यांची टोके आपोआप वळून वाऱ्याला अडवतील अशी सोय त्याने केली होती. ती पवनचक्की दहाएक वर्षे जवळजवळ विनातक्रार फिरली. पुढे जगभर पसरलेल्या तीन पात्यांच्या यंत्रांची ती पूर्वज आहे. एका शिकाऊ विद्यार्थ्याने मोठेपणी केलेली ही कामगिरी आमच्या मुलांनी लक्षात ठेवावी.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्मांटचे. तिथे १९४१ मध्ये सव्वा मेगावॅटचे अवाढव्य यंत्र उभे राहिले. १९४३ मध्ये त्याचे मुख्य बेअरिंग गेले. युद्धकाळामुळे नवे मिळायला दोन वर्षे लागली. पात्याच्या मुळाशी कमजोरी आहे हे माहीत होते, पण ती दुरुस्त झाली नव्हती. तरीही यंत्र सुरू केले आणि मार्च १९४५ मध्ये एक पाते तुटून दूर जाऊन पडले. ते यंत्र पुन्हा फिरले नाही. पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्येच हॉर्नस्लेटजवळ वादळी वाऱ्यात ब्रेक निकामी झालेली एक पवनचक्की अनावर फिरत जाऊन फुटली. यंत्र कितीही आधुनिक असो, त्याला थांबवता येत नसेल तर ते कुणाच्याच उपयोगाचे नाही.

थांबवण्याच्या रीतीवरूनच यंत्रांची घराणी पडली आहेत. पहिले घराणे स्थिर पात्यांचे. यात पात्याचा आकारच असा असतो की वारा ठरावीक वेगाच्या पुढे गेला की पाते त्याची पकड सोडते. सुरुवातीची डॅनिश यंत्रे अशी होती. यांत हलणारे भाग कमी, त्यामुळे देखभाल सोपी, पण जोराच्या वाऱ्यात सगळा ताण सांगाडा सोसतो. दुसरे घराणे पिचचे. इथे प्रत्येक पात्याला स्वतःची मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा असते आणि वीज गेली तरी पाते वाऱ्यातून बाहेर काढता यावे म्हणून बॅटरीसारखी राखीव शक्तीही असते. त्यामुळे नॅसेलमधला डिस्क ब्रेक मुख्यतः थांबलेले यंत्र धरून ठेवायला उरतो. वेग खरा मोडतात ती पातीच. म्हणून हबमधल्या बॅटऱ्यांची तपासणी हे शिकाऊ मुलाला किरकोळ वाटणारे काम प्रत्यक्षात ब्रेकची तपासणी असते. तिसरे घराणे मात्र रचनेवरून पडलेले, गिअरलेस यंत्रांचे. १९९० च्या दशकात जर्मनीच्या एनरकॉन कंपनीने त्याला नाव मिळवून दिले. गिअरबॉक्सच नसल्याने तेल, गाळणी आणि दात्यांची काळजी मिटते. त्याऐवजी मोठ्या व्यासाचा जनरेटर आणि विजेचा आकार-उकार सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा समजून घ्यावी लागते. महाराष्ट्रात गिअरवाली आणि गिअरलेस अशी दोन्ही यंत्रे आहेत. एकावर शिकलेला मुलगा दुसऱ्यावर गेला की निम्मे काम नव्याने शिकतो, हे या संग्रहात ठिकठिकाणी दिसेल.

देखभालीचेही तीन पंथ आहेत. बिघडले की धावायचे, हा सर्वांत जुना. दुसरा वेळापत्रकाचा. सहा महिन्यांनी, वर्षाने काय काय तपासायचे याची यादी ठरलेली असते. कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा, कुठे किती ग्रॅम ग्रीस घालायचे, सगळे लिहिलेले असते. तिसरा पंथ यंत्राची नाडी पाहत राहण्याचा. कंप मोजणारे संवेदक, तेलातल्या धातूच्या कणांची चाचणी, तापमानाच्या नोंदी हे सगळे दूरच्या नियंत्रणकक्षात जमा होते आणि बेअरिंग जायच्या आधीच त्याची चाहूल लागते. आज बहुतेक कंपन्या या तिन्हींचे मिश्रण वापरतात. पण संगणकावर चाहूल लागली तरी वर चढून हात लावणारा माणूस लागतोच, आणि त्याच्या कानाला व नाकाला जे कळते ते अजून सगळे संवेदकांत आलेले नाही. जळका वास, ग्रीसचा बदललेला रंग, यॉ फिरताना येणारी कुरकुर यांच्या नोंदी या मुलांनी फार बारकाईने केल्या आहेत. यंत्राने पाठवलेल्या एरर कोडपेक्षा मला त्या जास्त मोलाच्या वाटतात.

भारतात ही कथा १९८६ मध्ये सुरू होते. गुजरातेत ओखा, तमिळनाडूचा किनारा आणि आपले कोकण इथे ५५ किलोवॅटची छोटी यंत्रे प्रात्यक्षिक म्हणून उभी राहिली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात पवनचक्क्यांनी पठारे धरली. साताऱ्याजवळ ठोसेघर आणि चाळकेवाडी, पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावरचे वनकुसवडे, सांगलीत ढालगाव आणि जतचा दुष्काळी पट्टा, नगरकडे सुपे, धुळ्यात साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल. एकट्या ब्राह्मणवेलच्या परिसरात पाचशे मेगावॅटहून अधिक क्षमता उभी आहे.

ही वाढ ज्या धोरणाने झाली त्याचा देखभालीशी थेट संबंध आहे. सुरुवातीची वर्षे घसाऱ्यावरच्या करसवलतीची होती. यंत्र उभे केले की सवलत मिळे, मग ते वर्षभर किती फिरले याला तितके महत्त्व नव्हते. अनेक मालक आपले यंत्र पाहायलाही पठारावर फिरकत नसत. निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देणारी योजना २००९ मध्ये आली आणि फिरते यंत्रच कमावते यंत्र ठरले. २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले आणि पहिल्याच लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला. इतक्या कमी दरात बंद पडलेला प्रत्येक तास मालकाला बोचतो. वर्षातून ९५ टक्क्यांहून अधिक वेळ यंत्र चालण्यास तयार ठेवू, असे करार देखभाल कंपन्या करू लागल्या. जो तंत्रज्ञ एके काळी विस्मरणात होता त्याच्यावर आता घड्याळाचा पहारा बसला. दोन्ही टोके त्याला सारखीच जाचक आहेत.

महाराष्ट्रातल्या पठारांवर वारा पावसाळ्यात येतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या विजेचा मोठा वाटा तयार होतो. म्हणून मोठी देखभाल उन्हाळ्यात उरकायची, हा नियम. साक्रीच्या मे महिन्यात नॅसेलचा पत्रा तापतो आणि आत उभे राहणे कठीण होते; साताऱ्याच्या जुलैत धुक्यामुळे मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून पाते दिसत नाही. अशा दिवसांत यंत्र ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले, की नियंत्रणकक्षाचा फोन येतो. यंत्र बंद राहणे सर्वांत महाग पडते तेव्हाच वर चढणे सर्वांत धोक्याचे असते. या व्यवसायाचा मुख्य पेच हा आहे आणि या पुस्तकातले निम्मे अनुभव त्याच पेचातून आले आहेत.

कामाची पद्धत एकदा जवळून पाहू. समजा, हबमध्ये शिरून पिचची बॅटरी बदलायची आहे. खाली पॅनलवर यंत्र थांबवायचे आणि ते दुरून कुणाला सुरू करता येऊ नये म्हणून सर्व्हिस मोडवर टाकायचे. एकमेकांचे हार्नेस, म्हणजे अंगावरचे सुरक्षापट्टे, तपासायचे. पट्ट्याला चीर आहे का, बकल बसले आहे का, हूकची चाप पूर्ण मिटते का, हे पाहायचे. स्वतःचा हार्नेस स्वतः पाहणे पुरत नाही, जोडीदाराने हात लावून पाहिलेच पाहिजे. मग शिडी. हार्नेस पडण्यापासून रोखणाऱ्या सरकत्या पकडीला अडकवलेला, हत्यारे दोरीने बांधलेल्या बंद पिशवीत. वरून निसटलेला छोटा पाना खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. एक जण वरच्या टप्प्यावर पोहोचून झडप लावतो, तेव्हाच दुसरा चढू लागतो. नॅसेलमध्ये गेल्यावर रोटर, म्हणजे पात्यांसह फिरणारा हब, हळूहळू फिरवून त्याच्या चकतीतले भोक त्याला अडकवून ठेवणाऱ्या पिनेसमोर आणायचे. एक जण ब्रेकवर, दुसरा भोकावर नजर ठेवून. पीन आत बसली, तिला अडसर लागला आणि दोघांनीही तो पाहिला की मगच हबमध्ये पाय टाकायचा. आत वीजपुरवठा तोडून कुलूप लावायचे, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. बॅटरी बदलायला लागतो त्याहून अधिक वेळ यंत्र थांबवण्यात जातो. नव्या मुलाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. वर्षभराने तोच मुलगा नव्याने आलेल्याला सांगतो, “घाई असेल तर खालीच थांब.”

हे शिक्षण रक्ताने लिहिले गेले आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये नेदरलँडमधल्या ऊल्टखेन्सप्लाट येथे नॅसेलला आग लागली आणि वर अडकलेले दोन तरुण तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. एक १९ वर्षांचा होता, दुसरा २१ चा. पवनउद्योगातल्या कंपन्यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनने मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचा जो अभ्यासक्रम ठरवला आहे त्यात प्रथमोपचार, ओझे उचलण्याची रीत, आग आणि उंचीवरचे काम हे विषय येतात आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा करावे लागतात. हार्नेसला बेशुद्ध लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचू लागते आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. डोंगरावरच्या पवनचक्कीपाशी रुग्णवाहिका इतक्या लवकर पोहोचू शकत नाही, त्यामुळे सुटका जोडीदारानेच करावी लागते. म्हणून या व्यवसायात जोडीदार हा शब्द नुसता सोबतीपुरता नाही, आणि कुणीही एकट्याने कधीही चढायचे नाही.

या सगळ्यात शिकाऊ उमेदवाराची जागा कुठली? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असे बंधन आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन पात्रतेनुसार दरमहा ५ ते ९ हजार रुपये ठरले. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत त्यातला एक चतुर्थांश, दरमहा दीड हजारांपर्यंतचा भाग सरकार उचलते. सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला जादा वेळ राबवता येत नाही, आणि प्रशिक्षणात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. हे सगळे प्रत्येक उमेदवाराने करारावर सही करण्याआधी वाचले पाहिजे. व्यवहारात तो स्वस्त मजूर ठरण्याचा धोका सतत असतो. कमी पडलेल्या तंत्रज्ञाच्या जागी त्यालाच चढवले जाते, शिकवणारा शेजारी नसतो आणि नोंदवहीत प्रशिक्षणाचा दिवस लागतो.

आणि थांबवण्याची विद्या इथेच कठीण होते. गटातला सर्वांत लहान, कायम होण्याची आस लावून बसलेला, घरी पैसे पाठवायचे असलेला मुलगा वरिष्ठाला म्हणेल का, की “साहेब, वारा जास्त आहे, मी चढणार नाही”? सुरक्षेच्या पुस्तिकेत काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला दिलेला असतो. तो वापरण्याचे बळ मात्र पुस्तिका देत नाही. ते बळ येते ते कसलेल्या तंत्रज्ञाच्या वागण्यातून. ज्या उस्तादाने नव्या मुलासमोर एकदा फोनवर ठाम नकार दिला, त्याने त्या मुलाला जन्माची शिदोरी दिली. या संग्रहात असे उस्ताद भेटतात. त्यांची नावे मुलांनी लिहिलेली नाहीत, पण त्यांचा आवाज ओळखू येतो.

पठार हे कुणाचे तरी गावही आहे, हे शिकाऊ मुलाला पहिल्या आठवड्यातच कळते. पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस जातो, ही समजूत सातारा-सांगलीपासून धुळ्यापर्यंत दुष्काळाच्या वर्षांत फार बळावली. मोसमी पाऊस शेकडो किलोमीटरच्या हवामानावर ठरतो आणि पावसाचे ढग पात्यांच्या कितीतरी वरपर्यंत पसरलेले असतात. पण चहाच्या टपरीवर हे समजावून सांगायची पाळी येते ती वीस वर्षांच्या मुलावर. साक्रीच्या बाजूला वनजमिनीवरच्या आदिवासींच्या हक्कांचा प्रश्न आहे. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीचा वाद त्यामागे असल्याचे पुढे आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. जमीन कुणाची, रस्ता कुणाचा, पैसा कुणाला, हे प्रश्न तंत्रज्ञ सोडवू शकत नाही. पण रोज त्याच रस्त्याने त्याला जावे लागते, त्याच गावात खोली घेऊन राहावे लागते. गावाशी नाते कसे जोडावे यावर मुलांनी जे लिहिले आहे ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवले जात नाही. साक्रीत अहिराणी कानावर पडते, कामावर हिंदी चालते, यंत्राच्या पॅनलवर इंग्रजी असते आणि भिवंडीहून आलेल्या कुणाच्या घरी उर्दू बोलतात. एवढ्या भाषांत वावरणाऱ्या मुलाला धोक्याची सूचना एका क्षणात कळायला हवी. म्हणून अशी पुस्तके त्याला सहज कळणाऱ्या मराठीत हवीत.

हे आत्ताच सांगण्याची निकड का? देशाची पवनऊर्जेची क्षमता मार्च २०२५ अखेर ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाशिवायच्या विजेची क्षमता पाच लाख मेगावॅट करण्याचे उद्दिष्ट आहे. नवे मनोरे १२० ते १४० मीटरपर्यंत उंच होत चालले आहेत. दुसरीकडे साताऱ्याची पहिली यंत्रे आता पंचविशीत पोहोचली आहेत. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, काही उत्पादक कंपन्याच उरलेल्या नाहीत. जुनी यंत्रे उतरवून मोठी बसवायची की आहेत त्यांचेच आयुष्य वाढवायचे, यासाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये नवे धोरण आणले. दोन्ही वाटांना जाणती माणसे लागणार. चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था ‘वायुमित्र’ हा कौशल्यविकासाचा कार्यक्रम चालवते, कंपन्यांची आपली केंद्रे आहेत. पण जुन्या यंत्रांची नस ओळखणारी पिढी निवृत्त होत आहे आणि तिचे ज्ञान भिवंडीच्या जॉबरच्या ज्ञानासारखे तोंडीच आहे. ते ज्याला मिळू शकते तो सध्या तिच्याबरोबर शिडी चढतो आहे.

ते ज्ञान मिळत असतानाच लिहून ठेवण्याचा या पुस्तकाचा प्रयत्न आहे. ही तांत्रिक मार्गदर्शिका नव्हे. बोल्ट किती आवळायचा यासाठी कंपनीची पुस्तिकाच उघडावी, त्या बाबतीत दुसऱ्या कुणावर विसंबू नये. हा यशोगाथांचा संग्रहही नव्हे. यातली काही मुले काम सोडून परत आली. एक जण गोदामात लागला, एकाने वडिलांचे वायरिंगचे दुकान धरले. त्यांचे लेखन संपादकांनी आवर्जून घेतले आहे, कारण काम का सोडावे लागते हेही कळायला हवे. मुलींचे लेखन यात थोडेच आहे. साइटवर राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय नसल्याने त्यांची वाट किती अडते हे मात्र तेवढ्यातही स्पष्ट होते. भाषा मुलांचीच ठेवली आहे. ‘लोकेशनवर गेलो’, ‘मशीन एररमध्ये आहे’, ‘ब्रेकडाउन निघाला’ हे त्यांचे बोलणे सुधारायला गेलो असतो तर त्यातला अनुभवच पुसला गेला असता.

आयटीआयचे वर्ग, शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी आणि मुलाला इतक्या दूर पाठवताना धास्तावणारे आईवडील, या तिघांच्याही हाती हे पुस्तक पडावे. शिक्षकांनी यातले प्रसंग वर्गात वाचून ‘तुम्ही काय केले असते’ असे विचारावे. अधिकाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. वर्षाअखेर उमेदवाराचे मूल्यमापन करताना त्याने किती दुरुस्त्या केल्या याबरोबर त्याने किती वेळा काम थांबवले आणि तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, याचीही नोंद करावी. तो रकाना कोरा राहिला तर प्रशिक्षणात उणीव आहे, असे समजावे. आणि जी मुले उद्या पहिल्यांदा शिडीला हात लावणार आहेत, त्यांनी ही पाने हार्नेस चढवण्याआधी वाचावीत. तुमच्याआधी गेलेल्यांनी ती तुम्ही धडधाकट घरी यावे म्हणूनच लिहिली आहेत.